पूजेत बसवलेला माऊस

खंडेनवमीच्या दुपारी साडेबाराला हौसेराव कारखान्यातली पूजा आटोपून पेढ्यांचा पुडा घेऊन घरी आले, एक चप्पल काढली आणि दुसरी पायात तशीच ठेवून दारात थबकले. आतल्या खोलीतून येणारा आवाज चुकीचा होता.

आवाज कसला, तर माऊसच्या बटणाचा. तुम्हाआम्हाला सगळे माऊस सारखेच वाजतात. पण हौसेराव पावणे एमआयडीसीतल्या एका टूलरूममध्ये एकतीस वर्षं फिटर होते. प्लॅस्टिकच्या वस्तूंचे साचे बनवण्यात त्यांची हयात गेली होती आणि कुठल्या मशीनचं कुठलं बेअरिंग कुरकुरतंय हे ते चहा पिता पिता, मागे वळूनही न बघता सांगत. गेले आठ महिने त्या खोलीतून त्यांच्या लेकीच्या, सुनयनाच्या माऊसचा आवाज यायचा तो बारीक आणि कोरडा. आज येत होता तो जाड आणि बसका. हा जुना माऊस होता. तो त्यांनीच आणलेला असल्यामुळे ओळखायला वेळ लागला नाही.

दुसरी चप्पल काढून त्यांनी पेढे उज्वलाच्या हातात दिले आणि पोरगी जुन्या माऊसवर का खेळतीय म्हणून विचारलं. उज्वला सकाळपासून नैवेद्याच्या मागे होती आणि नवऱ्याच्या चौकशा पुरवायला तिला सवड नव्हती. तिने नुसती मान हलवून पाटाकडे बोट दाखवलं.

पाटावर लाल कापड अंथरून हौसेरावांनी पहाटेच हत्यारं मांडली होती. व्हर्निअर, केसभर फरकही दाखवणारा मायक्रोमीटर, सहा बारीक कानशी, पॉलिशचे दगड, बारक्या स्क्रूड्रायव्हरची लाकडी पेटी. शिवाय एक पितळी हातोडी. तिचं तोंड झिजून तिरकं झालं होतं आणि ती आता कुठल्याच कामाची राहिली नव्हती, पण एकदा पूजेत बसलेलं हत्यार त्यांनी आजवर भंगारात दिलं नव्हतं. प्रत्येकावर हळदीकुंकू आणि एकेक झेंडू. दरवर्षी एवढंच असायचं. यंदा कडेला एक नवीन हत्यार होतं, सुनयनाचा काळा, बुटका, हलका माऊस.

तो तिथे ठेवताना हौसेरावांना सकाळी फार बरं वाटलं होतं. कारण या माऊसशी त्यांचं आधी चांगलंच वाकडं होतं. पोरगी बी.कॉम. झाली, दुपारी दोन शिकवण्या घेते आणि उरलेला वेळ चार दोस्तांबरोबर कॉम्प्युटरवर बंदुकीचा खेळ खेळते, हे त्यांना पचतच नव्हतं. म्हणे त्याच्या स्पर्धा असतात, म्हणे संघ असतो, म्हणे करावे गावचा हितेश त्यांचा कॅप्टन आहे. पाडव्याला गुढी उतरवता उतरवता त्यांनी निकाल लावला होता. दसऱ्यापर्यंत खेळ. पुण्याच्या मोठ्या स्पर्धेत निवड झाली तर पुढे बघू. नाही झाली तर महापेच्या कंपनीत डेटा एन्ट्रीला लागायचं. साहेबांशी बोलून ठेवलंय. सुनयना बरं म्हणाली होती. हुज्जत घालायचा तिचा स्वभाव नव्हता, आणि म्हणूनच तिच्या मनात काय चाललंय ते त्यांना कधी कळायचं नाही.

जुना माऊस त्यांनी दोन वर्षांपूर्वी घेतला होता. दुकानातला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात जड, वर सात रंगांचे दिवे. हत्याराला वजन पाहिजे, हे त्यांचं ठाम मत. सुनयनाने तो सव्वा वर्ष वापरला, मनगट सुजलं तरी वापरला, आणि मग शिकवणीच्या पैशातून हा हलका आणला. हौसेरावांनी गुपचूप तो डब्यात घालून टूलरूममध्ये नेला आणि काट्यावर ठेवला. एकोणसाठ ग्रॅम. त्यांचा अपमानच झाला. एकोणसाठ ग्रॅमचं हत्यार असतं का कुठं, हे तर खुळखुळ्यासारखं झालं, असं ते उज्वलाला चार दिवस ऐकवत होते.

मग श्रावणातल्या एका शनिवारी टूलरूमची लाइट गेली म्हणून ते कामावरून लवकर आले. घरात लाइट होती. सुनयनाच्या मागे खुर्ची ओढून ते बसले. ती खेळत नव्हती. पडद्यावर नुसते ठिपके येत होते आणि ती त्यांच्यावर नेम धरत होती. ठिपका आला, नेम, टक. पुन्हा ठिपका. एक तास झाला, दोन झाले. हौसेरावांना आयटीआयचं पहिलं वर्ष आठवलं. मास्तरांनी हातात लोखंडाचा ठोकळा दिला होता आणि तो कानशीने काटकोनात आणायला सहा महिने घासायला लावला होता. बाहेरच्याला वाटायचं हा पोरगा एकच ठोकळा काय घासत बसलाय. त्या सहा महिन्यांवर त्यांचं पुढचं सगळं आयुष्य उभं होतं.

त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा नीट विचारलं की बाई, चांगला माऊस म्हणजे नेमकं काय. आणि ती बोलायला लागली ती थांबेचना. वजन कमी हवं, कारण तो दिवसातून हजारो वेळा उचलून ठेवायचा असतो. हातात बसायला हवा. तिचा हात लहान, ती बोटं वाकवून धरते, तेव्हा पाठ बुटकी हवी. खाली बारीक डोळा असतो, सेन्सर, त्याने हात जेवढा हलला तेवढंच सांगायचं, एक केस कमी नाही की जास्त नाही. खालच्या पांढऱ्या पट्ट्या सगळीकडे सारख्या सरकायला हव्यात. बटण दाबलं की लागलं पाहिजे, मधे पोकळ चाल नको. यावर हौसेराव म्हणाले की आम्ही याला प्ले म्हणतो, आणि दोघं हसले. शेवटी ती म्हणाली, "आणि अण्णा, मेन म्हणजे हरल्यावर त्याच्यावर ढकलता येता कामा नये. खराब माऊस असला ना, की कळतच नाही, चुकलं कोण."

हौसेराव त्या रात्री बराच वेळ जागे होते. हे तर त्यांच्याच मायक्रोमीटरबद्दल ती बोलत होती. तेव्हापासून माऊस त्यांच्या लेखी हत्यार झाला, आणि हत्यार म्हटलं की त्याची जागा नवमीला पाटावर.

आता हत्यार बसवायचं तर आधी ते साफ करायचं, ही टूलरूमची रीत. पहाटे पाचला सुनयना झोपलेली असताना त्यांनी तो उचलून आणला होता. बाकीच्या हत्यारांसारखाच तेलाच्या फडक्याने वरून खालून पुसला. चाकात एक थेंब मशीनचं तेल सोडलं. डावं बटण जरा कोरडं वाजतंय असं त्यांना कधीपासून वाटत होतं, म्हणून त्याच्या फटीतही एक थेंब. मग कुंकू. पोटाकडूनही लावलं, कारण काम ते पोटच करतं. पुण्याच्या निवडीचा सामना उद्या दसऱ्याला संध्याकाळी, उत्तरपूजा सकाळी, तेव्हा सगळं नीट जमत होतं.

"सामना आज हाय," उज्वला आतून म्हणाली. "चार वाजता. काल रात्री मेसेज आला तिला, तुम्ही घोरत व्हता."

हौसेरावांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

उज्वलाने पुढचं सांगितलं. पोरगी नऊला उठली, माऊस सापडेना म्हणून बाहेर आली, पाटासमोर उभी राहिली. बराच वेळ राहिली. मग माळ्यावरून जुना माऊस काढला, पुसला आणि दार लोटून बसली. चहाही अर्धाच घेतला.

पूजेत बसवलेलं हत्यार दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होईपर्यंत उचलायचं नाही, हा या घरातला नेम होता आणि तो नुसता नेम नव्हता. हौसेरावांचे वडील गावाकडे, कोरेगाव तालुक्यात, पंप दुरुस्त करायचे. एका नवमीला कुणाचा तरी ऊस वाळतोय म्हणून त्यांनी पूजेतला पाना उचलला. पंप चालू करताना पट्ट्यात हात गेला आणि तर्जनीचं पेर तुटलं. हौसेराव आठ वर्षांचे होते, त्यांनी ते डोळ्यांनी बघितलं होतं. दर नवमीला पाट मांडताना ते ही गोष्ट सांगत. सुनयनाने ती कळायला लागल्यापासून दरवर्षी ऐकली होती. बिचारी उचलणार कशी?

त्यांनी दार ढकललं. सुनयनाच्या एका कानावर हेडफोन होता, एक कान उघडा. पडद्यावर तेच ठिपके. त्यांनी तिला सांगितलं की सुनू, तुझा माऊस घे, माझं चुकलं, मला ठाऊक नव्हतं. तिने मागे न बघता मान हलवली.

"नको अण्णा. टेन्शन नका घेऊ. पहिल्यांदा बसवलाय तुम्ही."

एवढंच म्हणून ती पुन्हा नेम धरायला लागली. हौसेराव तिथेच उभे राहिले.  श्रावणापर्यंत ज्या माऊसला त्यांनी नावं ठेवली, तो त्यांनी एकदा पाटावर ठेवला तर ही पोरगी त्याची एवढी किंमत करून बसली होती.

त्यांनी पडद्याकडे बघितलं. जड माऊस निघताना अडायचा आणि निघाला की पुढे जायचा. ठिपका इथे, नेम त्याच्या बोटभर पलीकडे, मग ती मागे आणायची, तोवर ठिपका गेलेला. एरवी शंभरातले नव्वद लागायचे. आता कोपऱ्यात साठ दिसत होते, मग अठ्ठावन्न. मधेच ती हात झटकायची, मनगट दाबायची आणि पुन्हा धरायची. जेवायला हाक मारली तर नंतर म्हणाली. हौसेरावांनाही घास जाईना. ते बाल्कनीत गेले, परत आले, पाटासमोर उभे राहिले, पंख्याचा वेग वाढवला, कमी केला. उज्वला म्हणाली, एका जागी बसा हो, मला गरगरतंय.

दीड वाजता त्यांनी पाटासमोर गुडघे टेकले, कानाला हात लावला आणि माऊसवरचा झेंडू बाजूला केला. हे हत्यार आपलं नाही, लेकीचं आहे, उचलायचा दोष लागला तरी मांडणाऱ्याला लागेल, अशी त्यांनी मनाची समजूत काढली. समजूत काही फारशी पटली नाही, पण माऊस उचलला. आत नेऊन तिच्या हाताशी ठेवला आणि आता एक शब्द बोलायचा नाही असं दरडावलं. दरडावल्याशिवाय त्यांना माया करता येत नसे.

सुनयनाने त्यांच्याकडे बघितलं. तिचा चेहरा असा काही उजळला की हौसेरावांना वाटलं, वडिलांच्या बोटासारखं आपलं काय व्हायचं ते होवो.

तिने माऊस चालू केला. पडद्यावरचा बाण थरथरला, एकदम कोपऱ्यात उडाला, तिथून खाली आला. तिने हात स्थिर धरला तरी तो सरकत होता. बटण दाबलं, लागलं नाही. पुन्हा दाबलं, दोनदा लागलं. तिने माऊस उलटा केला. पोटाशी तेलात कालवलेला लालभडक चिखल बसला होता आणि सेन्सरच्या डोळ्यात तो काठोकाठ भरला होता.

"अण्णा," ती अगदी हळू म्हणाली, "तेल घातलंत?"

"एक थेंब," हौसेराव म्हणाले. मग खरं सांगायचं म्हणून त्यांनी सुधारलं, "दोन."

ती रडली असती, ओरडली असती, तरी बरं झालं असतं.  तिने कपाळावरचे केस मागे घेतले आणि म्हणाली की असू दे, जुन्यावर होईल. नवीन आणू का, वाशीला जातो रिक्षाने, असं हौसेरावांनी विचारलं, तर म्हणाली की नको, नव्याला हात बसायलाच पंधरा दिवस लागतात. आवाज सरळ होता, पण डाव्या हाताने ती ओढणीचं टोक पिळत होती. हौसेरावांना स्वतःची एवढी लाज कधीच वाटली नव्हती. एकतीस वर्षांत त्यांच्या हातून एक साचा बिघडला नव्हता, आणि बिघडवलं तर काय, लेकीचं हत्यार.

उघडून साफ करायला हवं होतं. उघडायचे स्क्रू तांदळाच्या दाण्याएवढे, त्याला लागणारा स्क्रूड्रायव्हर पाटावरच्या लाकडी पेटीत. हौसेरावांनी पेटीकडे बघितलं आणि सरळ जिने उतरले. खाली चौकात प्रसादचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. पोरगा भला होता, मागायची खोटी की द्यायचा. पण दुकानात पोचले तर काउंटरवर सोल्डरिंगचं पेन, चिमटे, स्क्रूड्रायव्हरचा सगळा संच हार घालून मांडलेला आणि समोर उदबत्ती.

"काका, आज नाय ओ," प्रसाद ओशाळून म्हणाला. "आईने बसवलंय सगळं. तुमीच नाय का मागच्या वर्षी ते बोटाचं सांगितलं होतं, तेव्हापासून ती ऐकतच नाय."

हौसेरावांना हसावं की रडावं कळेना. ते उन्हात तसेच माघारी फिरले. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्यांना धाप लागली होती आणि घड्याळात सव्वादोन झाले होते.

ते पाटासमोर पुन्हा बसले. आता पळवाट उरली नव्हती. पेटी त्यांची होती. त्यांच्या मास्तरांनी दिलेली, एकतीस वर्षं एकाही नवमीला न हललेली. त्यांनी स्वतःच्या हाताकडे बघितलं. दहाच्या दहा बोटं शाबूत. फिटरच्या धंद्यात हे सोपं नसतं, आणि हे या नेमामुळेच, अशी त्यांची मनापासून श्रद्धा होती. त्यांना भीती वाटली. खरीखुरी. आतून जड माऊसचा आवाज आला, टक, मग थोडं थांबून टक, मग तिने जीभ चावल्यासारखा केलेला बारीक आवाज.

त्यांनी पेटी उचलली. उज्वला दारात पदराला हात पुसत उभी होती.  ती आत जाऊन स्वतःच्या इन्सुलिनच्या सुईसाठी आणलेल्या स्पिरिटची बाटली आणि कापूस घेऊन आली आणि त्यांच्याजवळ ठेवला.

बाल्कनीतल्या उजेडात स्टुलावर पांढरा रुमाल अंथरून हौसेराव कामाला लागले. स्क्रू पोटाच्या पांढऱ्या पट्ट्यांखाली लपलेले. पट्टी दुमडली की माऊस अडखळणार, ती सोलल्याशिवाय मात्र स्क्रू दिसणार नाहीत. त्यांनी ब्लेडचं टोक कडेला घातलं आणि श्वास रोखून पट्टी कणाकणाने सोडवत आणली. सुनयना शेजारी उकिडवी बसली होती. अण्णा, वरचा भाग एकदम ओढू नका, आत कागदासारखी पातळ वायर आहे, असं ती दोनदा म्हणाली. एरवी कामात कुणी शिकवलं तर हौसेराव भडकायचे. आज त्यांनी निमूट मान हलवली.

दुसरी पट्टी सोलताना ब्लेड सटकलं. डाव्या अंगठ्यातून रक्ताचा टपोरा थेंब आला. सुनयना दचकली. हौसेरावांनी अंगठा बघितला, हलवून बघितला, चोखला, आणि त्यांच्या अंगातून जसं काही ओझंच उतरलं. व्हायचं होतं ते झालं होतं आणि एवढ्यावर भागलं होतं. 

चार स्क्रू निघाले. पातळ वायर त्यांनी चिमट्याने अलगद मोकळी केली. आत त्यांनी पहिल्यांदाच बघितलं. भिंती कागदाच्या जाडीच्या आणि सगळीकडे सारख्या, कोपऱ्याकोपऱ्यात बारीक आधार. प्लॅस्टिक वाचवलेलं नव्हतं, नेमकं जिथे नको तिथूनच काढलेलं होतं. कुणीतरी त्यांच्यासारख्याच माणसाने याचा साचा घासला होता, महिनोन्‌महिने, आणि फार सुंदर घासला होता. एकोणसाठ ग्रॅम का ते त्यांना आता कळलं. ते सुनयनाला म्हणाले की वजन काढायला वजन घालण्यापेक्षा जास्त अक्कल लागते. तिने मान डोलावली, पण तिचं लक्ष घड्याळाकडे होतं.

सेन्सरचं भिंग त्यांनी स्पिरिटच्या कापसाने पाच वेळा पुसलं, दर वेळी नवा कापूस, शेवटी पांढरा निघेपर्यंत. बटणाखालचं तेल टिपलं, चाकाचं टिपलं, वाऱ्यावर सुकवलं. तीन वाजून दहा मिनिटांनी जुळवायला घेतलं. पट्ट्या जागच्या जागी बसवून चमच्याच्या पाठीने दाबल्या आणि नख फिरवून कड लागते का बघितली. नाही लागली. साडेतीनला तिने माऊस चालू केला. बाण हात नेईल तिथे गेला आणि हात थांबेल तिथे थांबला. बटण कोरडं वाजलं. हौसेरावांना तो आवाज आरतीतल्या घंटेहून गोड वाटला.

चार वाजता दार बंद झालं, आणि मग खरी घालमेल सुरू झाली. हौसेरावांना आत बसायची परवानगी नव्हती. ते बाहेर कॉटवर बसले, उठले, जिन्यात गेले, दाराला कान लावला, उज्वलाने ओढून बाजूला केलं. आतून सुनयनाचे तुटक शब्द येत होते, डावीकडे, दोघं, थांब, गेला. मधे ती आनंदाने काहीतरी ओरडली, पहिला डाव जिंकल्याचा. दुसरा गेला. तिसऱ्यावर सगळं ठरणार होतं. हौसेराव बोलून दाखवत नव्हते, पण दर वेळी तिचा नेम चुकल्याची चाहूल लागली की त्यांना भिंगावर राहिलेला एखादा कुंकवाचा कण दिसायचा. स्पिरिट पुरेसं लागलं का? उजव्या कोपऱ्यात सहाव्यांदा पुसायला हवं होतं का? त्यांनी पाटावरच्या रिकाम्या दोन जागांकडे बघायचं टाळलं.

सहाला दहा कमी असताना आतलं सगळं थांबलं. बटण वाजेना, शब्द येईना. मग खुर्ची सरकली आणि दार उघडलं. सुनयनाच्या हातात माऊस होता.

"हरलो, अण्णा."

हौसेरावांनी आधी तिच्या हाताकडे बघितलं. "माऊस?"

"माऊस एकदम बरोबर होता."

त्यांचा विश्वास बसला नाही. ही पोरगी आपल्याला वाचवायला बघतेय, सकाळी केलं तेच पुन्हा करतेय, असं त्यांना वाटलं आणि ते काही बोलणार तेवढ्यात तिचा फोन वाजला. हितेशचा आवाज एवढा मोठा होता की स्पीकर लावायची गरजच नव्हती.

"सुनयना, तुला थांब बोललो मी. शेवटचा एक माणूस व्हता, तू पन एकटी. तो स्वताहून येनार व्हता. तू कशाला घुसलीस?"

"घाई झाली," ती म्हणाली.

"निशाना बरोबर हाय तुझा, आजच्यासारखा कधीच नव्हता. डोकं थंड नाय ठेवलास. माऊसवर नको ढकलू."

"नाही ढकलत. माझीच चूक आहे."

हितेशची धार मग जरा कमी झाली. आठला सगळे बसू, आजचा डाव पुन्हा बघू, दोन मॅच खेळू, असं तो म्हणाला. सुनयनाने नाही सांगितलं. आज आमच्याकडे हत्यारं बसलीत, उद्या दुपारनंतर, म्हणाली. त्याला काय समजायचं ते तो समजला असावा, कारण त्याने वाद घातला नाही.

फोन ठेवून ती पाटाशी गेली. माऊस पुसून त्याच्या जागेवर ठेवला, बाजूला पडलेला झेंडू उचलून त्याच्यावर वाहिला आणि हात जोडले. हौसेराव बाल्कनीतून लाकडी पेटी घेऊन आले आणि तीही जागेवर ठेवली.  हौसेरावांना फार वाईट वाटत होतं आणि त्याच वेळी छाती भरून आली होती. चूक आपली म्हणून उचलायला त्यांना स्वतःला धंद्यात दहा वर्षं लागली होती.

सुनयनाचे डोळे आता भरले. तिने ते मनगटाने पुसले, तेच सुजणारं मनगट, आणि पाटाकडे बघतच बोलली.

"दसरा उद्याच आहे, अण्णा. सोमवारी मी महापेला जाते. शब्द दिला होता."

उज्वला स्वयंपाकघरातून नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होती.  वाकून हौसेरावांनी झिजलेल्या पितळी हातोडीवरचं फूल उगाच सरळ केलं. अंगठ्याला गुंडाळलेली चिंधी सोडवली, बघितली, पुन्हा गुंडाळली.

"म्होरली स्पर्धा कधी हाय?" त्यांनी विचारलं.

"फेब्रुवारीत. का?"

"मग उद्या उत्तरपूजा झाली की माऊस उचल," हौसेराव म्हणाले. "आज हात लावू नगं."